नव्वद टक्के आणि एक लाकडी पाटी: पीटर ग्रँटच्या व्यवस्थापनाचा प्रकरण अभ्यास

शनिवार, २३ जुलै १९७७. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातील कोलिझियम स्टेडियममध्ये ‘लेड झेपलिन’ या ब्रिटिश रॉक बँडचा भर दिवसाचा कार्यक्रम होता आणि पन्नास हजारांवर लोक मैदानात जमले होते. रंगमंचामागे कलाकारांसाठी ट्रेलर उभे केले होते आणि कोणता ट्रेलर कोणाचा हे कळावे म्हणून दारांवर नावाच्या लाकडी पाट्या लावल्या होत्या. बँडचा व्यवस्थापक पीटर ग्रँट याच्या शाळकरी मुलाला त्यांतली एक पाटी आठवण म्हणून घरी न्यायची होती. दुसऱ्या दिवशीही कार्यक्रम असल्यामुळे पाट्या लागणार होत्या, म्हणून आयोजकाच्या एका कर्मचाऱ्याने ती मुलाच्या हातून काढून घेतली. काढून घेताना त्याने मुलाला मारले की नाही, यावर दोन्ही बाजूंचे एकमत कधीच झाले नाही. त्याच दिवशी तो कर्मचारी एका बंद ट्रेलरमध्ये रक्तबंबाळ होईपर्यंत मार खात होता, आत ग्रँट स्वतः होता आणि बाहेर बँडचा दौरा व्यवस्थापक पहाऱ्याला उभा होता, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

या घटनेकडे सहसा दोन प्रकारे पाहिले जाते. यश डोक्यात गेलेल्या लोकांची मस्ती, हा एक प्रकार. अमली पदार्थांनी पोखरलेल्या दौऱ्याचा अटळ शेवट, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. मला मात्र त्यात तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ग्रँटने ज्या रीतीने त्या दिवशी पाटीचा प्रश्न मिटवला, त्याच रीतीने त्याने आधीची नऊ वर्षे पैशाचे प्रश्न मिटवले होते आणि त्याबद्दल साऱ्या धंद्याने त्याची पाठ थोपटली होती. ओकलंडमध्ये समोर लबाड माणूस नव्हता, एवढाच काय तो फरक होता.

दारावरचा माणूस

ग्रँटचा जन्म ५ एप्रिल १९३५ रोजी दक्षिण लंडनमधील साउथ नॉरवुड येथे झाला. आईने एकटीनेच त्याला वाढवले आणि शिक्षण जेमतेम झाले. पत्र्याच्या कारखान्यातले काम त्याने काही आठवड्यांतच सोडले. मग फ्लीट स्ट्रीटवर रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी निरोप्या, क्रॉयडनच्या एका नाट्यगृहात पडद्यामागचा कामगार, सक्तीच्या लष्करी सेवेत कॉर्पोरल, अशी कामे करत तो सोहोमधील ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवरच्या ‘टू आइज’ या कॉफी बारच्या दारावर येऊन उभा राहिला. इंग्लंडमधले सुरुवातीचे रॉक गायक जिथे पहिल्यांदा गायले, ती हीच जागा. गर्दी आवरणे, दारुड्यांना बाहेर काढणे आणि आत कोणाला सोडायचे ते ठरवणे, हे त्याचे काम होते. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची आणि त्याला शोभेल असे वजन, त्यामुळे त्याला फारसे काही करावे लागत नसे.

याच काळात तो कुस्तीच्या रिंगणात एका इटालियन सरदाराचे खोटे नाव धारण करून उतरत असे आणि चित्रपटांतून किरकोळ कामे करत असे. रॉबर्ट मॉर्ली या स्थूलदेही नटाचा बदली म्हणूनही तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. त्या कुस्त्या आधी ठरवून केलेल्या असत. कोणी पडायचे, कोणी गुरगुरायचे, प्रेक्षकांनी कधी ओरडायचे, याचे गणित पैलवानांना ठाऊक असे. ग्रँटचे चरित्र वाचताना हा तपशील सहज नजरेआड होतो, पण त्याने पुढे आयोजकांच्या कचेऱ्यांत जे केले त्याचे मूळ इथे सापडते. धाक हा बराचसा अभिनय असतो आणि तो नीट वठला तर हात उचलण्याची वेळच येत नाही, हे तो या रिंगणात शिकला.

धंद्याचे धडे त्याला डॉन आर्डनकडे मिळाले. आर्डन हा लंडनमधला नावाजलेला आणि तितकाच बदनाम आयोजक. अमेरिकन गायकांना तो इंग्लंडच्या दौऱ्यावर आणी आणि ग्रँट त्यांची गाडी चालवत गावोगाव फिरे. जीन व्हिन्सेंट, लिटल रिचर्ड, चक बेरी यांच्यासारख्या मंडळींना वेळेवर आणि शुद्धीवर मंचापर्यंत पोहोचवणे सोपे नव्हते. चक बेरी तर रोख पैसे हातात पडल्याशिवाय गिटार उचलत नसे, आणि अमेरिकेतल्या आयोजकांनी काळ्या कलाकारांना किती बुडवले होते हे पाहिले तर त्याचे चुकत होते असे म्हणवत नाही. आर्डनची रीत वेगळीच होती. ‘स्मॉल फेसेस’ हा त्याचा बँड फोडू पाहणाऱ्या रॉबर्ट स्टिगवुड या प्रतिस्पर्ध्याला आर्डन आणि त्याच्या माणसांनी सज्जावरून खाली लटकवण्याचा प्रकार केला, ही गोष्ट लंडनच्या संगीतक्षेत्रात वर्षानुवर्षे सांगितली गेली. मात्र आर्डनच्या दहशतीची झळ त्याच्या स्वतःच्या कलाकारांनाही लागे आणि त्यांचे पैसे मिळता मिळत नसत. ग्रँटने त्याच्याकडून दहशत उचलली आणि तिचे तोंड फक्त बाहेरच्यांकडे वळवले. हा बदल छोटा दिसतो, पण त्यातूनच पुढचे सारे घडले.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर तो मिकी मोस्ट या निर्मात्याबरोबर १५५, ऑक्सफर्ड स्ट्रीट येथील कचेरीत बसू लागला. ध्वनिमुद्रणाची बाजू मोस्टकडे आणि दौऱ्यांची ग्रँटकडे, अशी वाटणी होती. ‘यार्डबर्ड्स’ हा बँड त्याच्याकडे आला तेव्हा लोकप्रियता असूनही कफल्लक होता. ग्रँट दौऱ्यावर सोबत जाऊ लागला आणि वादकांच्या हातात पहिल्यांदाच बरे पैसे पडले. त्या बँडचा गिटारवादक जिमी पेज याने हे पाहून ठेवले. जुलै १९६८ मध्ये यार्डबर्ड्स फुटला आणि पेजने नवी माणसे जमवायला घेतली, तेव्हा व्यवस्थापक कोण हा प्रश्नच उद्भवला नाही. जॉन बॉनम हा ड्रमवादक यायला तयार नव्हता आणि त्याच्या घरी फोनही नव्हता. वॉल्सॉलच्या एका पबच्या पत्त्यावर त्याला गायक रॉबर्ट प्लांटने आठ आणि ग्रँटने चाळीस तारा केल्या, असा किस्सा सांगतात. आकडा वाढवून सांगितलेला असेल, पण माणसाच्या स्वभावाला तो धरून आहे.

गल्ला कोणाचा

ग्रँटच्या कामाचा गाभा पैशाच्या वाटणीत आहे, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे.

नव्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत सुमारे ३६ तासांत पुरी झाली. ग्रँटने सांगितलेल्या हिशेबानुसार तिला १,७८२ पौंड खर्च आला आणि तो बँडनेच केला. त्यामुळे नोव्हेंबर १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कला अटलांटिक रेकॉर्ड्सकडे गेला तेव्हा हातात तयार माल होता. करारात पहिल्या वर्षासाठी सुमारे १,४३,००० डॉलर ठरले (गप्पांमध्ये तो आकडा पुढे दोन लाखांवर गेला) आणि नव्या, अजून कोणी धड न ऐकलेल्या बँडसाठी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. रकमेपेक्षा अटी महत्त्वाच्या होत्या. काय वाजवायचे, केव्हा प्रसिद्ध करायचे, मुखपृष्ठावर काय छापायचे, कोणते गाणे सुटे विकायचे किंवा विकायचे नाही, हे सारे बँड ठरवणार होता. १९७१ साली त्यांची चौथी ध्वनिमुद्रिका आली तेव्हा तिच्या वेष्टनावर बँडचे नाव नव्हते आणि ध्वनिमुद्रिकेचेही नव्हते. कंपनीच्या लोकांनी हा धंद्याचा आत्मघात असल्याचे सांगून पाहिले, पण करारापुढे त्यांचे काही चालले नाही. ब्रिटनमध्ये सुटी गाणी न विकण्याचा आणि दूरचित्रवाणीपासून शक्यतो लांब राहण्याचा निर्णयही याच अधिकारातून आला. ज्याला हा बँड ऐकायचा आहे त्याने पूर्ण ध्वनिमुद्रिका विकत घ्यावी किंवा तिकीट काढून यावे, असा त्यामागचा सरळ विचार होता.

तिकिटाच्या पैशात खरी मेख होती. आपल्याकडे तमाशाच्या फडाला किंवा ऑर्केस्ट्राला सुपारी मिळते, तसाच काहीसा प्रकार अमेरिकेतल्या रॉक दौऱ्यांचाही होता. स्थानिक आयोजक बँडला ठरावीक रक्कम देई किंवा गल्ल्याची वाटणी ठरे, आणि त्या वाटणीत आयोजकाचा हिस्सा घसघशीत असे. त्याचे समर्थन असे, की जागेचे भाडे, जाहिरात, सुरक्षा यांत पैसा तो घालतो आणि कार्यक्रम पडला तर बुडतोही तोच. त्यावर खर्चाची यादी फुगवणे, विकलेली तिकिटे न विकलेली दाखवणे, मागच्या दाराने आत सोडलेल्यांचे पैसे हिशेबात न धरणे, या हातचलाख्या असत. वाजवून थकलेली विशीतली पोरे पहाटे बसमध्ये चढत आणि हिशेब आयोजकाच्या वहीतच राही.

ग्रँटने या मांडणीतल्या ‘जोखीम’ या एका शब्दावर बोट ठेवले. लेड झेपलिनच्या कार्यक्रमांची तिकिटे काही तासांत संपू लागली होती. रेडिओवर नुसती घोषणा झाली तरी पुरे होई. मग आयोजकाची जोखीम उरली कुठे, आणि जोखीम नसेल तर तिचा मोबदला कशाला? १९७२ च्या सुमारास त्याने फर्मावले, की गल्ल्यातले नव्वद टक्के बँडचे आणि दहा टक्के आयोजकाचे. पटत असेल तर घ्या, नाही तर दुसरा आयोजक तयार आहे. आधी अर्धाअर्ध किंवा साठ-चाळीसवर काम करणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि मग मुकाट्याने मान्यही केले, कारण भरलेल्या स्टेडियमचे दहा टक्के हे अर्ध्या रिकाम्या सभागृहाच्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भरतात. ५ मे १९७३ रोजी फ्लोरिडातील टँपा येथे एकट्या लेड झेपलिनसाठी ५६,८०० लोक आले आणि ३,०९,००० डॉलर जमले. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सने केलेला विक्रम त्या दिवशी मोडला. नव्वद-दहाच्या हिशेबाने अशा एका दिवसाचे आयोजकाला तीस हजार डॉलर सुटतात, तेही तिकिटे खपतील की नाही या काळजीविना.

पुढे मोठ्या नावांच्या बाबतीत ही वाटणी धंद्याची रीतच झाली. आज एखादा गायक स्टेडियम भरवून त्यातला सिंहाचा वाटा घरी नेतो, त्याच्या मागे सोहोमधल्या कॉफी बारच्या दारावरचा हा माणूस उभा आहे. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायला हवी. एल्व्हिस प्रेस्लीचा व्यवस्थापक कर्नल पार्कर हा कलाकाराच्या कमाईतला निम्मा वाटा घेण्यापर्यंत गेला. ग्रँटने आपल्याला फसवले, असे लेड झेपलिनच्या चौघांपैकी कोणी कधी म्हटले नाही. व्यवस्थापनाचा लेखी करारही त्यांच्यात नव्हता, असे सांगितले जाते. सारा व्यवहार शब्दावर चाले.

पण वाटणी कागदावर मिळवणे आणि ती रोख हातात पाडून घेणे यांत अंतर असते. ते अंतर ग्रँट स्वतःच्या देहाने भरून काढी. पैसे मोजले जात असताना तो किंवा त्याचा माणूस खोलीतून हलत नसे. रोख रकमेचा व्यवहार इतका होता, की जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रेक हॉटेलच्या तिजोरीतून बँडचे सुमारे दोन लाख डॉलर नाहीसे झाले आणि ते कोणी नेले याचा छडा आजवर लागलेला नाही.

पाण्याची बादली आणि आवाज मोजणारा

गल्ल्याइतकाच ग्रँटचा डोळा चोरट्या ध्वनिमुद्रणांवर होता. २८ जून १९७० रोजी बाथच्या महोत्सवात रंगमंचाखाली कोणी यंत्रे लावून कार्यक्रम टिपत असल्याचे त्याला दिसले, तेव्हा त्याने पाण्याची बादली आणून ती यंत्रांवर रिकामी केली. त्याच महोत्सवात आधीचा बँड वेळेत मंच सोडेना म्हणून त्याच्या माणसांनी त्यांची वीजजोडणीच काढली, कारण लेड झेपलिनने बरोबर सूर्यास्ताच्या वेळी मंचावर यावे असे त्याने ठरवले होते. लंडनमध्ये चोरट्या ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या दुकानात जाऊन माल फोडण्यापर्यंतही मजल गेली. या गोष्टी ऐकून आजही लोक हसतात, आणि बादलीची गोष्ट मलाही आवडते, कारण तिच्यात चोर खरा होता.

(आपल्याशी संबंधित एक योगायोग इथे सांगण्यासारखा आहे. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण करून पाहिले. ती मुद्रणे कित्येक दशके चोरट्या ध्वनिमुद्रिकांतूनच फिरली. अधिकृतपणे ती बाहेर आली २०१५ साली. ग्रँटच्या बादलीला जे रोखायचे होते, त्यामुळेच मुंबईच्या वादकांचे ते काम रसिकांपर्यंत पोहोचले.)

व्हँकुव्हरची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. १९७१ च्या दौऱ्यात तिथल्या प्रेक्षागृहात एक माणूस मायक्रोफोनसारखे यंत्र धरून उभा असलेला ग्रँटच्या लोकांना दिसला. त्यांनी यंत्राचे तुकडे केले आणि माणसालाही सोडले नाही. नंतर कळले, की तो आवाजाची पातळी मोजायला आलेला सरकारी माणूस होता. इथे ग्रँटच्या पद्धतीतली फट पहिल्यांदा स्पष्ट दिसते. आधी मारायचे आणि मग विचारायचे, ही रीत समोरचा चोर असेल तरच शोभते; आणि तो चोर आहे की नाही हे ठरवणारा तिथे ग्रँटशिवाय कोणीच नव्हता. बँडमधले त्याला अडवणार नव्हते, ध्वनिमुद्रिका कंपनीची हिंमत नव्हती आणि आयोजक दहा टक्क्यांसाठी रांगेत उभे होते. व्हँकुव्हरनंतर काही बदलले नाही, कारण बदलावे असे वाटण्याजोगी किंमत कोणी मोजायला लावली नाही.

१९७६ साली प्रदर्शित झालेल्या बँडच्या चित्रपटात बॉल्टिमोरच्या सभागृहातला एक प्रसंग आहे. आत कोणीतरी बँडची बेकायदा छापलेली भित्तिचित्रे विकत होता आणि ग्रँट तिथल्या व्यवस्थापकाला फैलावर घेत आहे. तो माणूस आपल्याला माहीत नव्हते असे म्हणत राहतो, आणि ग्रँट प्रत्येक वाक्याला त्याची कातडी सोलत जातो. या प्रसंगात तो बोटही उगारत नाही. कुस्तीच्या रिंगणातला अभिनय कसा असतो, हे पाहायचे असेल तर तो प्रसंग पाहावा. हा कॅमेऱ्यासमोरचा ग्रँट, आणि आपली ही छबी त्याला आवडत असावी, नाही तर त्याने ती चित्रपटात राहू दिली नसती.

ओकलंडमधले दोन दिवस

१९७७ च्या दौऱ्यापर्यंत परिस्थिती बरीच पालटली होती. बँडची स्वतःची ‘स्वान साँग’ ही कंपनी निघून तीन वर्षे झाली होती. ३० एप्रिलला मिशिगनमधील पॉंटियाक येथे ७६,२२९ लोकांनी त्यांना एका छताखाली ऐकले होते. याच सुमारास ग्रँटचा संसार मोडला होता, त्याच्यासह दौऱ्यावरच्या अनेकांना कोकेनने ग्रासले होते, आणि सुरक्षेसाठी जॉन बिंडन नावाचा लंडनचा नट सोबत घेतला होता, जो पडद्यावर गुंडांची कामे करत असे आणि पडद्याबाहेरही त्याची ऊठबस त्याच मंडळींत होती. दौरा व्यवस्थापक रिचर्ड कोल हाही हात चालवण्यात मागे नव्हता. म्हणजे दहशतीचा जो अभिनय ग्रँट एकटा, बेतून करत असे, त्यासाठी आता पगारी माणसे होती, आणि त्यांना अभिनय येत नव्हता.

ओकलंडचा आयोजक बिल ग्रॅहम होता. बर्लिनमध्ये जन्मलेला हा ज्यू मुलगा नात्झींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत पोहोचला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फिलमोर’ सभागृहाच्या नावाने रॉकच्या इतिहासात अमर झाला. लेड झेपलिन अमेरिकेत नवखा असताना, जानेवारी १९६९ मध्ये, ग्रॅहमनेच त्यांना आपल्या मंचावर उभे केले होते. तो तापट होता आणि धंद्यात पक्का होता, पण प्रेक्षकाला नीट पाणी आणि कलाकाराला नीट जेवण मिळाले पाहिजे याबद्दल दक्ष असे. ग्रँटने ज्या भामट्या आयोजकांविरुद्ध आपली पद्धत घडवली, त्यांत ग्रॅहमची गणना होऊ शकत नव्हती.

ग्रॅहमच्या सांगण्यानुसार कार्यक्रमाच्या आधीच बँडकडून पंचवीस हजार डॉलरची रोख उचल तातडीने मागितली गेली. तो ती घेऊन हॉटेलवर गेला आणि पैसे कशासाठी हवे होते ते तिथे बसलेल्या लोकांवरून त्याच्या ध्यानात आले. शनिवारी सकाळपासूनच मंचामागे वातावरण तंग होते. मंचाच्या उतारावर ग्रॅहमच्या एका कामगाराने ग्रँटला उद्देशून काहीतरी सहज शेरा मारला, तेवढ्यावरून बिंडनने त्याला आडवा केला. दुपारनंतर पाटीचा प्रसंग घडला. प्रथम बॉनम, जो त्या वेळी मंचावरून खाली आलेला होता, त्या कर्मचाऱ्याला लाथ मारून गेला.

ग्रॅहमने मध्यस्थी केली. मुलाचा बाप म्हणून ग्रँटला राग येणे स्वाभाविक आहे, तर दोघांना समोरासमोर बसवावे, कर्मचाऱ्याने दिलगिरी व्यक्त करावी आणि प्रकरण संपवावे, असे त्याला वाटले. ग्रँटने शांतपणे होकार दिला. कर्मचारी ज्या ट्रेलरमध्ये थांबला होता तिथे ग्रॅहम त्याला घेऊन गेला. दार उघडले, ग्रँट आत शिरला आणि त्याने पहिला ठोसा मारला. पाठोपाठ बिंडन शिरला आणि ग्रॅहम बाहेर ढकलला गेला. बाहेर कोल हातात धातूची नळी घेऊन उभा राहिला आणि मदतीला येणाऱ्यांना त्याने पिटाळले. बिंडनने आपले डोळे काढण्याचा प्रयत्न केला, असे त्या कर्मचाऱ्याने पुढे सांगितले. तो कसाबसा सुटून बाहेर पडला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले.

या साऱ्यात मला तो शांत होकार सगळ्यांत जास्त खटकतो. रागाच्या भरात हात उचलणारा बाप समजू शकतो. इथे मात्र ग्रॅहमच्या मध्यस्थीचा उपयोग दार उघडून घेण्यापुरता केला गेला. वाटाघाटीच्या खोलीत शिरेपर्यंत सौम्य राहायचे आणि दार बंद झाल्यावर रूप दाखवायचे, हे कसब त्याने आयोजकांच्या कचेऱ्यांत कमावले होते.

रविवारी जे घडले ते त्याच्या व्यावसायिक पद्धतीचेच टोक होते. कार्यक्रमाआधी बँडच्या वकिलाने कळवले, की शनिवारच्या प्रकाराबद्दल कोणालाही जबाबदार धरणार नाही अशा आशयाच्या कागदावर ग्रॅहमने सही करावी, त्याशिवाय बँड मंचावर येणार नाही. बाहेर पुन्हा पन्नास हजारांवर लोक येऊन बसले होते आणि कार्यक्रम रद्द झाला असता तर दंगल उसळण्याची भीती होती. नव्वद टक्के मिळवताना ग्रँट जी ताकद वापरत असे, म्हणजे बँड न वाजवण्याची धमकी, तीच इथे फौजदारी गुन्ह्यातून सुटका करून घेण्यासाठी वापरली गेली. दबावाखाली केलेल्या सहीला कायद्यात किंमत नाही, असे आपल्या वकिलाकडून समजून घेऊन ग्रॅहमने सही केली. बँड उशिरा मंचावर आला आणि वाजवून गेला. सोमवारी सकाळी पोलिसांनी हॉटेल गाठून ग्रँट, बॉनम, कोल आणि बिंडन यांना अटक केली आणि जामिनावर सोडले.

बँडच्या चौघा वादकांना अमेरिकेत पुन्हा एकत्र वाजवण्याची संधी मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी, २६ जुलैला, प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा कॅरक इंग्लंडमध्ये विषाणुसंसर्गाने दगावला आणि उरलेला दौरा रद्द झाला. त्याचा ओकलंडशी काही संबंध नाही; तरी दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्यामुळे लोकांनी तो जोडलाच.

हिशेब

ग्रॅहमने पुन्हा कधीही या बँडबरोबर काम करणार नाही असे जाहीर केले. जखमींच्या वतीने वीस लाख डॉलरचा दिवाणी दावा दाखल झाला. फौजदारी खटल्यात फेब्रुवारी १९७८ मध्ये चौघांनीही आरोपांना विरोध न करण्याची भूमिका घेतली. दंड आणि स्थगित कैदेवर प्रकरण मिटले, आणि त्यांपैकी कोणालाही न्यायालयात उभे राहावे लागले नाही, याची ग्रॅहमच्या माणसांना चीड येत राहिली. बिंडनला कामावर घेणे ही आपल्या आयुष्यातली फार मोठी चूक होती, असे ग्रँटने पुढे मान्य केले. तो मान्य करताना चूक बिंडनपाशी थांबवत होता. ट्रेलरमध्ये आधी शिरलेला माणूस बिंडन नव्हता.

पद्धत बदलली नाही, याचा पुरावा नेबवर्थला मिळतो. ऑगस्ट १९७९ मध्ये तिथे दोन शनिवार कार्यक्रम झाले आणि माणसे किती आली यावरून ग्रँटचे फ्रेडी बॅनिस्टर या आयोजकाशी बिनसले. बॅनिस्टरचा आकडा ग्रँटला मान्य नव्हता. त्याच्या मते गर्दी त्याहून कितीतरी मोठी होती आणि आपले पैसे दडवले जात होते. हवेतून काढलेली छायाचित्रे पुढे करून डोकी मोजण्याचा खटाटोप झाला. बॅनिस्टरची कंपनी त्यात बुडाली. बाथच्या महोत्सवाचा आयोजकही हाच बॅनिस्टर होता, म्हणजे नऊ वर्षे ओळखीचा माणूस.

२५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम अतिमद्यपानाने गेला आणि ४ डिसेंबरला बँडने काम थांबवत असल्याचे पत्रक काढले. त्यानंतर ग्रँट ससेक्समधील हेलिंगली गावाजवळच्या ‘हॉर्सलंजेस’ या खंदकाने वेढलेल्या जुन्या वाड्यात कोंडून घेतल्यासारखा राहू लागला. फोन उचलत नसे, आणि स्वान साँग १९८३ मध्ये बंद पडली. मधुमेह, हृदयविकार आणि कोकेन यांतून तो बाहेर आला, वजन बरेच उतरले, वाडा विकून जवळच्या ईस्टबोर्नला राहायला गेला. नव्वदच्या दशकात संगीत व्यवसायाच्या परिषदांत त्याला मानाने बोलावू लागले. १९९६ पासून व्यवस्थापकांच्या ब्रिटिश संघटनेने उत्तम व्यवस्थापनाचा पुरस्कार त्याच्या नावाने देणे सुरू केले.

ग्रॅहम १९९१ साली हेलिकॉप्टर अपघातात मरण पावला आणि त्याचे आत्मचरित्र पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यात ओकलंडचे दोन दिवस त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या तोंडून पानेच्या पाने सांगितलेले आहेत. ते वाचून ग्रँट रडला आणि आपण असा वाईट माणूस म्हणून लक्षात राहू नये असे म्हणाला, अशी आठवण त्याचा मित्र आणि ‘डायर स्ट्रेट्स’चा व्यवस्थापक एड बिकनेल याने सांगितली आहे. ग्रँटने मुलाखती दिल्या, त्याच्यावर चित्रपट काढण्याचीही बोलणी चालली, पण स्वतःचे आत्मचरित्र त्याच्या हातून पुरे झाले नाही. २१ नोव्हेंबर १९९५ च्या दुपारी गाडीतून घरी जात असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. तेव्हा शेजारी त्याचा मुलगा होता, तोच, ज्याला ओकलंडमध्ये पाटी हवी होती.